नावेच्या काठावरून चालणारी वनिदा

सेनसेप कालव्यातली नाव धक्क्याला लागते तेव्हा ती थांबत नाही, नुसता दम घेते. तेवढ्यात उतरणाऱ्यांनी उतरायचं, चढणाऱ्यांनी चढायचं, आणि वनिदानं खुंटाला दिलेला दोराचा वेढा सोडवून पुन्हा काठावर पाय ठेवायचा. तोवर नाव निघालेलीच असते. खाली बँकॉकचं काळं पाणी, वर लोखंडी पूल, आणि मध्ये जेमतेम पाऊल मावेल एवढा काठ. त्या काठावरून ती पुढून मागे आणि मागून पुढे जाते, एक हात छताच्या दोराला, दुसऱ्या हातात तिकिटं. डोक्यावर हेल्मेट, तोंडाला फडकं, कोपरापर्यंत हातमोजे. उघडे फक्त डोळे. पण काय डोळे! कोण नवीन चढलंय, कुणाला पुढच्या धक्क्यावर उतरायचंय, कोणत्या आजीला हात द्यायचाय, सगळं त्या डोळ्यांना एका फेरीत कळतं. रंगमंचावर पहिल्यांदा उभं राहणाऱ्या पोरींना मी म्हणेन, आधी वनिदाचं चालणं बघून या. शंभर माणसं बघत असताना पायाकडे न बघता कसं चालायचं, ते तिथे शिकायला मिळतं.

गावाकडे मात्र हे चालणं कुणी पाहिलेलं नव्हतं. तिनंच दाखवलं नव्हतं.

वनिदाचं गाव रोइएतकडे, रात्रभराच्या बसवर. दरवर्षी सोंगक्रानच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाला ती गावी जायची ती केस सरळ करून, ओठ रंगवून, नवा ब्लाउज घालून. हेल्मेटमधला एकही फोटो तिनं कधी घरी पाठवला नाही. "नावांच्या कंपनीत आहे," एवढंच सांगितलं. तिची आई बुनमा हिनं शेजारणींपुढे त्या कंपनीचं ऑफिस केलं, त्या ऑफिसात पंखा लावला, पंख्याखाली वनिदाला खुर्ची दिली. आणि वनिदाची सहा वर्षांची लेक मखाम हिनं त्याच्याही पुढे जाऊन एक भलंमोठं पांढरं जहाज उभं केलं, ज्याच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर आई उभी राहते आणि हात वर केला की भोंगा वाजतो.

मखाम म्हणजे चिंच. जन्मली तेव्हा वाळक्या चिंचेसारखी दिसत होती म्हणून हे नाव. बाप तिच्या जन्माआधीच दक्षिणेकडच्या मासेमारीला गेला आणि तिकडचाच झाला. दूध सुटलं तशी मखाम आजीकडे राहिली. आजीला ती तिकडच्या रीतीनं 'मोठी आई' म्हणायची. मग वनिदा आपोआप धाकटी आई झाली. वर्षातून एकदा येणारी, छान वास येणारी.

या वर्षी मात्र वनिदानं कंबर कसली. कालव्याजवळ खिडकीची खोली घेतली, शाळेत बोलून ठेवलं. मे महिन्यात पोरीनं इथे पहिलीत जायचं. बुनमानं एकच अट घातली. "मी घेऊन येते. चार दिवस राहू. पोरीचा जीव रमला तर ठेव. नाही रमला तर रविवारच्या बसनं मी तिला परत नेणार, आणि मग तू रडायचं नाही."

पोरगी आली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. चिकट भाताचा गोळा हातात धरून ठेवी, खात नसे. विचारलं तर मान हलवी. बुनमाचं निदान ठरलेलं होतं. "हिचा ख्वन मागे राहिलाय."

माणसाच्या अंगात ख्वन असतात, जीव राखणारे आत्मे, एक नाही, बत्तीस. माणूस घाबरलं, दचकलं, घाईनं गाव सोडून निघालं, की ते पळतात किंवा मागे राहतात. म्हणून पोराला परगावी नेताना ओसरीत उभं राहून त्यांना हाक मारायची असते, मनगटाला पांढरा दोरा बांधायचा असतो.

"तू फोनवर घाई घाई लावलीस," बुनमा म्हणाली. "बस सुटेल, बस सुटेल! झोपलेल्या पोरीला उचलली आणि निघाले. तिचे ख्वन तिकडे कोंबड्यांत बसलेत आणि इथे नुसतं कातडं आलंय."

"मग आता बांध की दोरा."

"असा कसा बांधू? ज्या जागेत बोलवायचं ती जागा पोरीला आवडायला नको? तिकडे कोंबड्या आहेत, इथे काय आहे? भिंत!"

शनिवारी वनिदाची सुट्टी होती. शेवटचा दिवस. तिनं ठरवलं, आज या शहरानं आपलं सगळं सोनं पोरीपुढे ओतलंच पाहिजे. तिनं सोंगक्रानचा ब्लाउज घातला, उंच टाचांच्या चपला घातल्या, ओठ रंगवले. घराच्या मागच्या धक्क्याकडे न बघता दोघींना घेऊन ती बसच्या थांब्यावर गेली.

"तुझं जहाज कुठे आहे?" मखामनं विचारलं. दोन दिवसांतलं तिचं ते पहिलं पूर्ण वाक्य.

"नंतर बघू हं. आधी गंमत बघायची."

पहिली गंमत लुंफिनी बागेत. तळ्याकाठी एक घोरपड ऊन खात पडली होती, मगरीला लाजवील अशी. बुनमा जागच्या जागी थबकली.

"अगं बाई! ही तर रेड्यासारखी पोसलीय! आणि इथली माणसं हिला शिजवायची सोडून नुसती बघत बसतात?"

"हळू बोल, आई. इथे तिला हात लावायचा नसतो. ती सरकारी आहे."

"सरकारी आहे म्हणूनच एवढी माजलीय."

बाकावर बसलेला एक म्हातारा खो खो हसला. मखामच्या ओठाचा एक कोपरा हलला. वनिदानं तेवढंच मनात जपून ठेवलं. पण लगेच पोरीनं विचारलं, "जहाज या तळ्यात आहे का?"

"नाही गं."

दुपारी उन्हाचा कहर झाला तशी ती त्यांना आकाशगाडीनं एका मोठ्या मॉलमध्ये घेऊन गेली. काचेचं दार आपोआप उघडलं, गार वाऱ्याचा झोत आला. आतली फरशी अशी लखलखीत की तिच्यात दिवे दिसत होते. वनिदा दोन पावलं आत गेली आणि मागे वळली, तर दोघी अनवाणी. बुनमानं आपल्या आणि नातीच्या चपला काढून दाराबाहेर भिंतीशी नीट जोडीनं लावून ठेवल्या होत्या, देवळाबाहेर ठेवतात तशा. येणारेजाणारे त्यांना वळसा घालून चालले होते.

"आई, चपला घाल! हे दुकान आहे!"

"दुकान? एवढी फरशी चमकतेय, इथे बुद्ध नाहीत?"

वनिदाचे कान लाल झाले. तेवढ्यात दारावरचा रखवालदार पुढे आला. ती मनात म्हणाली, झालं, आता हा हसणार. पण त्यानं वाकून दोन्ही जोड उचलले आणि बुनमाच्या पायाशी आणून ठेवले. मग तिच्याच गावाकडच्या बोलीत म्हणाला, "घाला, मावशी. माझी आई आली होती तेव्हा तिनं तर दाराला हात जोडले होते. कुठल्या तुम्ही?"

"रोइएतच्या."

"मी यसोथोनचा. म्हणजे शेजारीच की!"

त्या दोघांचं पाऊसपाणी बोलून होईपर्यंत वनिदा बाजूला उभी होती. रखवालदारानं मखामला विचारलं, "आणि तुम्ही काय बघायला आलात, बाईसाहेब?"

"आईचं जहाज," मखाम म्हणाली.

"अरे वा! आई जहाजावर असते?"

वनिदानं पोरीचा हात धरला आणि घाईघाईनं आत ओढलं. आत काचेच्या टाक्यांत मासे होते, सरकते जिने होते, आईस्क्रीम होतं. आईस्क्रीम मखामच्या हातात वितळून गेलं. बुनमानं ते पुसलं आणि लेकीकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

शेवटची गंमत म्हणजे सोनेरी टेकडीवरचं देऊळ. पायऱ्या चढताना ओळीनं घंटा होत्या, त्या मखामनं एकेक करून वाजवल्या, पण वाजवायच्या म्हणून. वर पोचल्यावर वारा लागला. सगळं बँकॉक पायाखाली पसरलेलं, देवळांचे कळस, उंच इमारती, लांबवर चकाकणारी मोठी नदी.

मखामनं कठड्याला नाक टेकलं. "आई, त्या नदीवर आहे का तुझं जहाज?"

हो म्हणून टाकावं, असं वनिदाच्या अगदी ओठावर आलं. नदीवर खरोखरच दोन-तीन पांढरी जहाजं दिसत होती. सांगायला काय जातंय? पोरगी हसेल, जेवेल, इथेच राहील. पण नंतर? रोज घरी येणारी आई अंगाला कालव्याचा वास घेऊन येईल, त्याचं काय सांगायचं?

"उत्तर दे तिला," बुनमा म्हणाली. गुडघे चोळत ती पायरीवर बसली होती. "सकाळपासून विचारतेय. घोरपड दाखवलीस, मासे दाखवलेस. पोरगी एकच गोष्ट बघायला आलीय आणि तू तिला सगळं गाव फिरवतेयस."

वनिदानं आईला हात देऊन उठवलं. खाली उतरल्या तर रस्ता गाड्यांनी गच्च भरलेला. बस येईना, आली ती थांबेना. बुनमाचे गुडघे संपले होते. टेकडीच्या पायथ्याशीच कालव्याचा धक्का होता.

"तिथे नाव लागतेय की," बुनमानं बोट दाखवलं. "पाण्यानं घरी जाता येत नाही?"

येत होतं. वनिदाइतकं ते कुणाला ठाऊक होतं? पण आता सबबी संपल्या होत्या. ती चढली, पदराआड तोंड लपवावं तशी केसांआड चेहरा करून. प्रतूनामच्या धक्क्यावर नाव बदलायची असते. समोर जी नाव येऊन उभी राहिली ती नेमकी तिची, आणि सुकाण्यावर चुआय तांडेल, वनिदाला नुसतं 'दा' म्हणणारा.

"आयला, दा!" त्यानं लांबूनच आरोळी ठोकली. "आज कुणाच्या लग्नाला? आम्ही ओळखलंच नाही, आधी वाटलं कुणी बँकेची बाई!"

"गप बसा, काका. आई आहे बरोबर."

"मग आईंना पुढे बसवा, पाणी कमी उडतं तिथे."

नाव भरली. संध्याकाळची गर्दी, घामेजलेली, थकलेली माणसं. वनिदाच्या जागी त्या दिवशी एक नवी पोरगी होती. तिचे पाय काठावर होते पण जीव मुठीत होता, हे वनिदाला बसल्या जागी दिसत होतं. ती मान खाली घालून बसली. आपण आज सुट्टीवर आहोत. आपण आज प्रवासी आहोत.

पुढच्याच धक्क्यावर ते घडलं. समोरून दुसरी नाव जोरात गेली, लाट आली, नव्या पोरीच्या हातून दोर निसटला. नावेचं तोंड धक्क्यापासून सुटून पाण्याकडे फिरू लागलं. एक गर्भार बाई एक पाय नावेत आणि एक धक्क्यावर अशी अडकली. कुणीतरी किंचाळलं.

वनिदानं विचार केला नाही. उंच टाचांच्या चपला कधी सुटल्या, तेही तिला कळलं नाही. अनवाणी पायांनी ती काठावर चढली, तीन ढांगांत पुढे पोचली, धक्क्यावर उडी मारली, पाण्यात लोंबणारा दोर खेचून खुंटाला वेढा दिला आणि सगळ्या अंगाचा भार मागे टाकला. नाव कुरकुरली आणि धक्क्याला येऊन टेकली. दुसऱ्या हातानं तिनं त्या बाईला कोपरापाशी धरून अलगद नावेत चढवलं.

"बसा, ताई. झालं, झालं. काही नाही."

"दा!" तांडेल मागून ओरडला, "आता पुढेही तूच सांभाळ! हिचे पाय लटपटतायत!"

नाव निघाली होती. वनिदा काठावर होती, ब्लाउज भिजलेला, केस विस्कटलेले, ओठांचा रंग गालावर. आता प्रवेश होऊन गेला होता, परत विंगेत जाता येणार नव्हतं. तिनं वळून बघितलं. मखामनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं.

लाजली पोरगी. जहाज नाही, भोंगा नाही, मैल्या पाण्यावरून अनवाणी पळणारी आई. संपलं. उद्या बस.

पण धक्के तिच्यासाठी थांबणार नव्हते. ती चालू लागली. हात दे, दोर टाक, वेढा, सोड. "आत सरका, आत सरका! मधली जागा काय पाहुण्यांसाठी ठेवलीय?" माणसं हसली, सरकली. पूल आला तशी ती न बघता वाकली आणि पलीकडे सरळ झाली. ओळखीच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "आज साजशृंगार कशाला?" ती म्हणाली, "तुमच्यासाठी, आजोबा. तुम्ही बघतच नाही!" हा तिचा रोजचा खेळ होता. पण आज पुढच्या बाकाकडे बघायचा तिला धीर होत नव्हता.

मग पुन्हा समोरून नाव आली आणि लाट उसळली. अशा वेळी कडेला बसलेल्यांनी ताडपत्रीची दोरी ओढून धरायची असते, नाहीतर सगळे भिजतात. थकलेली माणसं आळसावली होती. तेवढ्यात पुढून एक चिरका आवाज आला, खास गावाकडच्या बोलीतला.

"ओढा! ओढा की! माझी आई भिजतेय!"

मखाम बाकावर उभी राहून ताडपत्रीच्या दोरीला सगळ्या अंगानं लोंबकळत होती. हास्याचा असा स्फोट झाला की इंजिनाचा आवाज बुडाला. अर्ध्या नावेला ती बोली कळली होती, कारण अर्धी नाव त्याच मुलखातून पोटासाठी आलेली होती. दहा हात पुढे आले, ताडपत्री वर गेली, लाट बाहेरच फुटली.

"कुणाची गं तू?" एका बाईनं विचारलं.

"तिची."

"तिची म्हणजे कुणाची?"

"ती काय, काठावरची! दिसत नाही का?"

वनिदा काठावरून तिच्यापर्यंत पोचली. "मघाशी तोंड का झाकलं होतंस?"

"तू पडशील म्हणून. मी बघितलं तर तू पडशील, असं वाटलं." मखामनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू पडत नाहीस?"

"पडलेय दोनदा."

"मग?"

"मग काय, वर आले आणि तिकिटं मागितली."

मखाम विचारात पडली. जहाजाचं काय झालं, हे तिनं विचारलं नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढेही कधी नाही. तिनं फक्त आईच्या भिजलेल्या स्कर्टचं टोक धरलं आणि पुढच्या पुलापाशी सगळ्यांच्या आधी वाकली.

घरामागच्या धक्क्यावर उतरल्या तेव्हा उजेड अजून होता. खोलीत जाऊन बुनमानं पिशवीतून पांढऱ्या सुताची गुंडी काढली, एक अंडं उकडलं, चिकट भाताचा गोळा केला आणि सगळं धक्क्यावर आणून मांडलं. खाली कालवा डुचमळत होता.

"घरात नको का?" वनिदानं विचारलं.

"नको. इथेच." तिनं नातीला समोर बसवलं. "बोल, चिंचे. तुझे ख्वन मी कुठे बोलावू? गावाला राहू देत की इथे येऊ देत?"

मखामनं पाण्याकडे बघितलं, आजीकडे बघितलं, दोरानं सोललेल्या आईच्या तळव्याकडे बघितलं. तिच्या कपाळाला आठी पडली. भाजी निवडताना बुनमाला पडते, अगदी तशी.

"बत्तीस आहेत ना?"

"बत्तीस."

"मग थोडे तिथे राहू देत. कोंबड्यांजवळ. आणि तुझ्याजवळ पण. बाकीचे इथे बोलाव."

बुनमाला हसू आलं आणि डोळेही भरले. "अशी वाटणी कुणी केलेली मी ऐकली नाही बाई. पण तुझी आई इतकी वर्षं दुसरं काय करतेय?"

तिनं हाक मारली, लांब, चढत जाणाऱ्या सुरात. पाण्यापलीकडच्या खिडक्यांतून माणसं बघू लागली. "चला रे ख्वनांनो, शेतात असाल तर बांधावरून या, झाडावर असाल तर उतरून या, वाट पाण्याची आहे, घाबरू नका, इथे हात द्यायला माणूस आहे." तिनं मखामच्या मनगटाला दोरा बांधला. मग गुंडीतला आणखी एक तुकडा तोडला.

"हात पुढे कर," ती वनिदाला म्हणाली.

"मला कशाला?"

"तू गेलीस तेव्हा मी रागावले होते. ओसरीवर आलेसुद्धा नाही. तुझे कोण कोण मागे राहिले असतील, देव जाणे." दोरा बांधताना तिची बोटं घट्ट होती. "मघाशी तू उडी मारलीस ना, तेव्हा माझे ख्वन माझ्याच अंगातून उडाले होते. मग तुला चालताना बघितलं आणि परत आले. ऑफिस म्हणे! पंखा म्हणे! मी मूर्ख, त्या बायांपुढे खोटा पंखा फिरवत बसले आणि खरी गोष्ट माझ्याकडे होती."

मखामनं तोवर अंडं खाऊन टाकलं होतं. भाताच्या गोळ्यातलंही थोडंच उरलं होतं.

रविवारी संध्याकाळी दोघी आजीला सोडायला बस स्टँडवर गेल्या. रडारड झाली, मखामनं बुनमाच्या लुंगीसारख्या नेसणीत तोंड खुपसून घेतलं, वनिदानं मुकाट्यानं पिशव्या वर चढवल्या. शेवटी पोरगी स्वतःच बाजूला झाली आणि आईच्या कडेवर चढून बसली. बुनमा खिडकीशी जाऊन बसली. तिच्या शेजारी एक नीटनेटकी, सोन्याची साखळी घातलेली बाई होती. खिडकी उघडी होती, आतलं सगळं ऐकू येत होतं.

"माझा मुलगा इथे बँकेत आहे," ती बाई सांगत होती. "एसीत बसतो. तुमची लेक काय करते?"

बुनमानं मान ताठ केली. खिडकीतून एकदा बाहेर उभ्या असलेल्या दोघींकडे बघून घेतलं. मग अशा आवाजात, की मागच्या बाकापर्यंत पोचावं, ती म्हणाली:

"माझी लेक होय? पळत्या नावेच्या काठावरून चालते. हात सोडून. बसा नीट, सांगते, रस्ता लांबचा आहे."